सगळ्यात मागची सायकल

त्या वर्षी दिवाळीनंतर आमची शाळेची बस बंद झाली. बस धडधाकट होती, पण ड्रायव्हर येऊ शकत नव्हता. तो मुल्लानपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात राहायचा आणि उजाडायच्या आत घर सोडायचा. पंजाबातले ते दिवस असे होते की अंधारात रस्त्यावर निघालेल्या माणसाला अतिरेक्यांची भीती आणि पोलिसांचीही. कधी नाक्यावर अडकून पडायचा, कधी बंद पुकारलेला असायचा. आम्ही दप्तरं पाठीला लावून फाटकाशी ताटकळायचो आणि मग घरी परतायचो. शेवटी शाळेनं कळवलं की परिस्थिती निवळेपर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या मुलांना पोचवावं.

आम्ही चंडीगढमध्ये एका मोठ्या वैद्यकीय संस्थेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील तिथे प्रयोगशाळेत होते. मी नववीत होते आणि धाकटा भाऊ तिसरीत. त्याचा जन्म चंडीगढचा. आई मराठीत ओरडायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा. "अरे, दूध पी." "पी तो रहा हूँ ना यार." आईला 'यार' म्हणणारा तो आमच्या खानदानातला पहिलाच.

सकाळी सगळ्यांच्या वडिलांची ड्यूटी, बऱ्याच जणांच्या आयांचीही. त्यामुळे आमच्या ब्लॉकमधली मुलं आठवडाभर घरीच राहिली. सुरुवातीला मजा वाटली. मग आम्ही जिन्यात भांडायला लागलो, आणि माझा भाऊ तर बाहेर फटाका वाजला तरी पलंगाखाली जायला लागला. ते पाहून आईनं मनाशी काहीतरी ठरवलं असावं.

आई सातारची. शाळेत असताना खो-खोच्या संघाची कर्णधार होती आणि लग्नाआधी दोन वर्षं मुलींना खेळ शिकवायची. इतकी वर्षं उत्तरेत राहूनही तिचं हिंदी सातारच्या पुढे सरकलं नव्हतं. तिनं एका रविवारी ब्लॉकमधल्या सगळ्या मुलांना आणि आयांना जिन्यावर बोलावलं आणि म्हणाली, "बच्चे सायकल से जायेंगे. सब मिलके. बडे बच्चे छोटे बच्चों को संभालेंगे."

आयांमध्ये एकदम कालवा झाला. तळमजल्यावर एक शीख कुटुंब राहायचं. त्यातली आई वॉर्डात सिस्टर होती. ती म्हणाली, "दीदी, ज़माना देखो. ये तो बच्चे हैं."

"बच्चे हैं, इसलिए तो," आई म्हणाली. "घर में बिठाके रखेंगे तो डरपोक होयेंगे. एक बार करके देखेंगे. नहीं जमा तो बंद."

मग ती आम्हा मुलांकडे वळली. आम्हाला वाटलं, आता सूचनांचा पाऊस. पण तिनं नुसते प्रश्नच विचारले. कुठल्या रस्त्यानं जाल? चौकात एकत्र कसे वळाल? कुणाची चेन पडली तर? रस्त्यात अडकलात तर कुणाच्या घरी जाल? आम्ही उत्तरं द्यायचो, ती मान हलवायची किंवा "और सोचो" म्हणायची. अडकलात तर काय, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, ज्या घराच्या अंगणात लहान मुलांचे किंवा बायकांचे कपडे वाळत असतील, त्या घराची बेल वाजवायची. आईनं त्या मुलीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती एक पायरी खाली गेली.

शेवटचा प्रश्न होता म्होरक्याचा. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, निदान त्या सिस्टरच्या मुलाच्या मनात तरी. तो दहावीत होता, आमच्यात सगळ्यांत उंच, निळा पटका बांधायचा, आणि हात सोडून सायकल चालवायचा.

"लीडर तो मैं हूँ, आंटी. मैं सबसे तेज़ चलाता हूँ."

"तेज चलानेवाला पहले पहुँचेगा," आई म्हणाली. "बाकी लोगों का क्या?"

पण सगळ्या मुलांनी त्याच्याच नावाचा गलका केला, तेव्हा आई म्हणाली, ठीक आहे, तूच. फक्त एक अट. म्होरक्या सगळ्यात मागे राहणार.

"पीछे? लीडर पीछे?"

"पीछे से सब दिखता है. आगे से क्या दिखेगा? खाली रस्ता."

आणि सगळ्यात पुढे कोण? जी सगळ्यात सावकाश चालवते ती. म्हणजे वरच्या मजल्यावरची दुसरीतली मुलगी, जिच्या छोट्या लाल सायकलची आधाराची चाकं महिन्यापूर्वीच काढली होती. तिच्या वेगानं सगळ्यांनी जायचं. ती मुलगी हे ऐकून इतकी फुगली की दुसऱ्या दिवशी कानटोपीवर भावाचा जुना बॅज लावून आली.

आमची वरात पहिल्यांदा निघाली त्या दिवशी धुकं होतं. आम्ही मुलींनी सलवारी गुडघ्याखाली रबरबँडनं आवळल्या होत्या. त्याच वर्षी शाळेनं मुलींचे स्कर्ट बंद करून सलवार-कमीज आणली होती. कारण कुणी उघड बोललं नाही, पण अतिरेक्यांच्या धमक्यांच्या गोष्टी सगळ्यांच्या कानावर होत्या. सलवार चेनमध्ये अडकून फाटायची, म्हणून हा रबरबँडचा शोध. पुढे दुसरीतली मुलगी, मागे दहा-बारा सायकली, आणि सगळ्यात शेवटी तोंड पाडलेला आमचा म्होरक्या. चौकातल्या वाळूच्या पोत्यांमागे बसलेले जवान आम्हाला बघून हसले. एकानं तर सलाम ठोकला. त्या मुलीनं तो गंभीरपणे स्वीकारला, हँडल सोडलं आणि धाडकन पडली.

पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. परतताना दुसऱ्या शाळेच्या मुलांनी आमच्या म्होरक्याला डिवचलं. तो शर्यत लावून सुसाट निघून गेला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं. मागे माझ्या भावाच्या सायकलची चेन पडली. आम्ही काळे हात करत ती बसवतो आहोत, तोवर बाकीची मुलं पांगली. कुणी पेरूच्या गाडीवर, कुणी बागेत. घरी पोचेपर्यंत आया फाटकाशी येऊन उभ्या होत्या.

मला वाटलं, आता आई म्होरक्याला फाडून खाणार. तिनं संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा जिन्यावर बसवलं, शेंगदाण्याचे लाडू दिले आणि विचारलं, "आज क्या हुआ?" बस्स, एवढंच. प्रत्येकानं आपापलं सांगितलं. माझ्या भावानं चेनचा किस्सा असा रंगवला की जणू लढाईच झाली होती. शेवटी म्होरक्याची पाळी आली. तो लाडूकडे बघत बसला होता.

"मुझे पता ही नहीं चला कि चेन उतरी है," तो म्हणाला. "मैं तो आगे था." मग लाडू खाली ठेवून, "इस हफ़्ते किसी और को बना दो, आंटी. मैं चेन ठीक करूँगा."

"मुझे मत बोलो," आई म्हणाली. "इनको बोलो."

मुलांनी मला निवडलं. मी शिस्तीची. पहिल्या दिवसापासून रांग सरळ, दोन सायकलींत ठरलेलं अंतर, बोलणं बंद, घंटी फक्त चौकात. वेळेवर निघायचो, वेळेवर पोचायचो. मला फार अभिमान वाटत होता. मग एके दिवशी भावानंच सांगितलं की सगळे मला 'थानेदारनी' म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती लाल सायकलवाली फाटकाशीच उतरली आणि म्हणाली, "मुझे नहीं जाना. इसमें मज़ा नहीं आता."

मी रडकुंडीला येऊन आईला म्हटलं, "सगळं व्यवस्थित तर करते मी."

आई पोळ्या लाटत होती. "आज वाटेत किती जण हसले गं?"

"हसायला काय, सर्कस आहे?"

"बघ बाई," ती म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

मी पुष्कळ धुसफुसले. पण दुसऱ्या दिवशी बोलण्यावरची बंदी उठवली. आठवडाभरात आमच्या वरातीत पंजाबी, हिंदी, मल्याळी अशा गाण्यांची भेसळ सुरू झाली. माझ्या भावानं सातारच्या आजोळी ऐकलेली आरती सायकलच्या ठेक्यावर बसवली आणि सरदार मुलं तिला टाळ्यांऐवजी घंट्या वाजवू लागली. मराठीतलं एक वाक्य धड न बोलणारा माझा भाऊ ती आरती अख्खी म्हणायचा.

याच सुमारास डब्याचा प्रकार घडला. तेव्हा शहरभर भिंतींवर सूचना असायच्या की बेवारस वस्तूंना हात लावू नका. रेडिओ, बॅग, डबा, काहीही. एका सकाळी रस्त्याच्या कडेला एक स्टीलचा डबा पडलेला दिसला. लाल सायकलवालीनं करकचून ब्रेक लावला आणि हात वर केला. सगळी रांग थांबली. मी सगळ्यांना झाडांमागे नेलं, आमचा चेनवाला मित्र चौकातल्या हवालदाराला बोलवायला गेला. हवालदार आला, त्यानं आणखी एकाला बोलावलं. रहदारी थांबली. एकानं वाळूचं पोतं आणून त्याच्याआडून लांब बांबूनं डबा ढोसला. झाकण उडालं आणि मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं रस्त्यावर पसरलं.

मग सहावीतला एक मुलगा क्षीण आवाजात म्हणाला, "ये तो मेरा टिफ़िन है." त्या सकाळी निघण्याआधी तो हवा भरायला त्याच रस्त्यानं जाऊन आला होता, तेव्हा डबा कॅरियरवरून पडला होता.

मी शरमेनं अर्धी झाले. पण तो हवालदार गुडघ्यावर बसला, लाल सायकलवालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शाबाश बेटा. रोज़ ऐसे ही रुकना." त्या दिवशी सहावीतल्या मुलाला सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं दिलं, आणि त्याचं पोट बिघडलं.

सुट्टीनंतर, जानेवारीत, मुलांनी पुन्हा त्या उंच मुलाला म्होरक्या केलं. मला वाईट वाटलं नाही, कारण मधल्या काळात तो खरोखर बदलला होता. चेन बसवायला सारखं मागे राहावं लागल्यामुळे त्याला प्रत्येकाची खोड ठाऊक झाली होती. कुणाचा ब्रेक लागत नाही, कोण वळणावर घाबरतं, कुणाला सकाळी न जेवता पाठवलेलं असतं. खिशात पाना आणि गूळ-चणे घेऊनच तो निघायचा.

त्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी शाळा मध्येच सोडली. शहरात कुठेतरी गोळीबार झाला होता आणि संचारबंदी लागणार अशी बातमी होती. मोटारीवाल्या मुलांना न्यायला मोटारी आल्या. आम्ही आमच्या सायकली काढल्या. अर्ध्या वाटेवर पोचलो तर नेहमीचा चौक बंद. आडवे बांबू, हातात बंदुका घेतलेले जवान, एकही हसत नव्हता. "पीछे जाओ, पीछे," ते ओरडले. मागे शाळेला कुलूप लागलेलं असणार.

मला एक वाट ठाऊक होती. शहराच्या मधून ओढा जातो, त्याच्या काठानं झाडीतून पायवाट होती. तिथून दहा मिनिटांत आम्ही क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला निघालो असतो. मी म्हटलं, "नाले से चलते हैं. चल, जल्दी."

बाकीच्यांनी सायकली वळवल्यासुद्धा. म्होरक्या हलला नाही.

"नहीं," तो म्हणाला.

"अरे, दस मिनट."

"यार, तू सोच." तो हळू बोलत होता, लहान मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "अंदर झाड़ियाँ हैं. ऊपर फ़ौज खड़ी है. आज उनको झाड़ियों में भागता हुआ एक लंबा सरदार दिखेगा. मेरे आगे-पीछे ये सारे बच्चे होंगे. उन्हें कैसे पता चलेगा कि हम स्कूल से आ रहे हैं?"

मला ते सुचलंच नव्हतं, सुचायचं कारणच नव्हतं. तो सोळा वर्षांचा होता आणि त्याला रोज सुचत असणार. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पुढे खड्डा आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"फिर?" मी विचारलं.

तो आजूबाजूच्या बंगल्यांकडे बघायला लागला. तिसऱ्या बंगल्याच्या अंगणात दोरीवर झबली आणि दुपट्टे वाळत होते. आम्ही बेल वाजवली.

दार एका पांढऱ्या केसांच्या आजींनी, पंजाबीत म्हणायचं तर बीजींनी, उघडलं. फाटकाबाहेर एवढ्या सायकली पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आ जाओ पुत्त, सारे आ जाओ. साइकलां वी अंदर."

त्यांनी आधी फोन दाखवला. मी वडिलांच्या प्रयोगशाळेत फोन केला, आम्ही कुठे आहोत ते सांगितलं, आणि वडिलांनी निरोप सगळ्या घरी पोचवायचं कबूल केलं. बीजींनी आम्हाला मागच्या अंगणात उन्हात बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी धर्मग्रंथाचा पाठ होता, पन्नासेक माणसं जेवायला. मटाराचं एक अख्खं पोतं येऊन पडलं होतं, आणि सोलायला येणारी बाई संचारबंदीमुळे आली नव्हती.

"वेल्ले बैठ के की करोगे?" रिकामं बसून काय करणार, असं बीजी म्हणाल्या. "मटर छिल्लो."

मग काय, परातीभोवती कोंडाळं करून आम्ही मटार सोलले. आधी दोन संघ पडले, मग शर्यत लागली. माझा भाऊ सोलत कमी आणि खात जास्त होता. बीजींनी आम्हाला गरम पराठे आणि पांढरं लोणी खाऊ घातलं. रस्त्यावरून मध्येच जीप जायची, शिट्टी व्हायची, आणि कुणीतरी मान वर करायचं. तेव्हा आमचा म्होरक्या मुद्दाम परातीतले दाणे हवेत उडवून तोंडात झेलायचा, आणि सगळे पुन्हा त्याच्याकडे बघायचे.

चारच्या सुमारास संचारबंदी थोडा वेळ उठली. बीजींनी प्रत्येकाच्या दप्तरात मूठमूठभर शेंगा कोंबल्या. "मेहनत दी कमाई," म्हणाल्या. आम्ही निघालो. चौकात जवान सायकलवरून उतरवून एकेकाला सोडत होते. लाल सायकलवाली पुढे, मग बाकीचे, मग मी. मी पलीकडे गेले आणि वळून पाहिलं. त्याला थांबवलं होतं.

"तू किधर? बस्ता खोल."

त्यानं दप्तर उघडून जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून हात बाजूला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी परत फिरणार, तोवर रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून ती दुसरीतली मुलगी सायकल ढकलत आली. थेट त्या जवानासमोर.

"अंकल, ये हमारा है. ये लास्ट वाला है. ये नहीं आएगा तो हम नहीं जाएँगे."

आणि कुणी न सांगता सगळ्या सायकली स्टँडवर लागल्या. खट्, खट्, खट्. तो जवान आमच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं दप्तरात हात घातला आणि मूठभर मटाराच्या शेंगा बाहेर काढल्या. पुन्हा हात घातला. पाना, गूळ, आणि पुन्हा मटार.

"ये क्या है?"

"मटर जी," आमचा म्होरक्या म्हणाला. "मेहनत की कमाई."

जवानाच्या मिशा हलल्या. त्यानं एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि दप्तर त्याच्या हातात दिलं. "जा भाई. सबको घर पहुँचा."

क्वार्टर्सच्या फाटकाशी सगळ्या आया उभ्या होत्या. सिस्टरनं मुलाला गच्च धरलं आणि सोडेचना. तो "छड्डो ना मम्मी, सब देख रहे हैं" म्हणत राहिला. आईनं आधी सगळी मुलं मोजली. मग माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि पुन्हा मोजली. त्या रात्री ब्लॉकमध्ये प्रत्येक घरात मटार शिजला. आमच्याकडे गोडा मसाला घालून उसळ.

आमचा म्होरक्या आता चंडीगढजवळ झिरकपूरला राहतो. विमानतळाच्या रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकला की मला फोन करून वैताग काढतो, तासभर. ओढ्याच्या त्या दुपारबद्दल मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "मैं डरा हुआ था, और क्या. पर डर अकेले का नहीं था ना, सबका हिसाब करना था." मग लगेच पुढच्या ट्रकला शिव्या द्यायला लागला. आई सातारला असते. मुलांवर एवढा भरवसा कसा टाकलास, असं विचारलं की म्हणते, "भरवसा कसला? खिडकीशी उभी राहून देवाचं नाव घेत होते. पण तुम्हाला कशाला दाखवू?"

त्या वर्षीचा मार्च सरता सरता बस परत सुरू झाली. ड्रायव्हर अंकल उजाडल्यावर निघून वेगळ्या रस्त्यानं येणार, अशी काहीतरी व्यवस्था झाली होती. आईला मात्र आमची सायकलची वरात चालू ठेवायची होती. व्यायाम होतो, एकी राहते, वगैरे. तिनं जिन्यावर सभा बोलावली आणि मोठ्या आशेनं म्हणाली, "तो बच्चे लोग, क्या ठरवते हो?"

म्होरक्यानं हात वर करायला सांगितलं. सायकलच्या बाजूनं तीन हात. त्यातला एक माझा, एक त्याचा आणि एक आईचा.

"आंटी, आपका वोट नहीं है," तो म्हणाला.

बसच्या बाजूनं बाकी सगळे. ऊन वाढलं होतं, आणि लाल सायकलवालीचं म्हणणं होतं की तिला खिडकीत बसायचं आहे, तिनं पुष्कळ ट्रॅफिक सांभाळली. आईचं तोंड एवढंसं झालं. मग पदरात तोंड लपवून हसायला लागली, हसता हसता पायरीवरच बसली.

सोमवारी बस फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर अंकलनी हॉर्न लांबवर वाजवला. आत खिडकीच्या जागेवरून भांडण सुरू झालंच, आणि ते मिटवायला मी उठेपर्यंत मागच्या बाकावरून माझ्या भावाचा आवाज आला, "एक मिनट, एक मिनट. पहले सब अपनी-अपनी बात बोलो."